जुनी गाडी घेतली का? मग आधी रेडिएटर उघडा

मराठवाड्यात सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम राहू द्या, आधी रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी, रिकामा करा. आणि जमेल तेवढं काम स्वतःच्या हातानं करा.

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरतो. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं.

मी नुकतीच एमएच २० पासिंगची पेट्रोल गाडी घेतली. "सर्व्हिसिंग आत्ताच झाली," असं विकणारा सांगत होता. रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) सोडला तर तांबूस, गंजाचं पाणी बदाबदा आलं, बोटाला चिखल लागला. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नाही! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. गाडी तापते म्हणून ती काढून टाकायची आपल्याकडं जुनी खोड आहे. त्यानं इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि तुंबलेला रेडिएटर तसाच राहतो.

घरचे म्हणाले, "मिस्त्री करून देईल की, तू कशाला हात काळे करतोस?" चांगल्या मिस्त्रीबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्यापुढं पाच गाड्या उभ्या असतात. शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करत बसायला वेळ आपल्याकडंच असतो.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत कुकरसारखा दाब असतो, वाफेनं तोंड भाजतं. थर्मोस्टॅट नवा टाका, कडक झालेले होज आणि क्लिप बदला. कूलंट (इंजिन गार ठेवायचं, गंज रोखायचं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या, बोअरचं नको. मग हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं असतानाच गाडी चालू करा आणि रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत बघत बसा. हवेचे बुडबुडे येतील, मग थांबतील. थांबलेच नाहीत तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) शंका घ्या आणि मिस्त्रीला दाखवा. हे आधी कळलं तर इंजिन वाचतं.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्रं-वासरू चाटलं तर जीवावर बेततं. डब्यात भरून झाकण लावून ठेवा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, खाली स्टँड हवेतच.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह-पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, मात्र मी मिस्त्रीकडूनच बदलला, शेजारी उभं राहून. एक दात इकडचा तिकडं झाला तर टायमिंग बिघडतं, आणि बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल आणि आधी कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललाच नाही असं धरा. नवा टाकल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवा, पुढं गाडी घेणाऱ्याला ती दिसली पाहिजे.