वायफाय खुलं ठेवा, पुण्य लागतं

पाणपोया घालण्याचे दिवस आता गेले. ज्याला पुण्याची हौस असेल त्याने घरच्या वायफायला पासवर्ड ठेवू नये. जिन्यात टेकलेला डिलिव्हरीवाला, समोरच्या विंगमधली कॉलेजची पोरं, गेटबाहेर गाडीत तासभर बसून राहणारा कोणी अनोळखी इसम, सगळे तृप्त होऊन जातात. आमच्या नेरूळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे काका चार वर्षं अशी पाणपोई चालवत होते. मी दोनदा सांगून पाहिलं. "अरे, आमच्याकडे चोरायला आहे काय? पेन्शन आणि भजनांचे व्हिडिओ!"

अगदी खरं. तुम्हीही हेच म्हणत राहा. चोर आला तर तुमचंच काहीतरी नेणार, तुमचं नाव पुढे करून दुसऱ्याला लुबाडणार नाही, याबद्दल मनात शंका आणू नका.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी काकांच्या दारात दोन पोलीस उभे. कामोठ्याच्या एका मुलीने भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात बघून टोकन म्हणून अठरा हजार रुपये पाठवले होते. फ्लॅट नव्हताच. जाहिरात ज्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या नंबरावरून, टाकली गेली, तो इंटरनेट कंपनीच्या दप्तरी त्या दिवशी काकांच्या नावावर. पोलिसांनी दुसऱ्या कोणाचं दार वाजवायचं? आयपी ॲड्रेसवरून कनेक्शन कोणाचं ते कळतं, त्यावर बसून उद्योग कोणी केले ते नाही.

काकांनी घाबरून आधी काय केलं असेल, तर राउटर बंद करून पुन्हा चालू केला. घरगुती राउटरची नोंद बहुतेक वेळा तात्पुरत्या मेमरीत असते; वीज गेली की पाटी कोरी. कोण कधी आलं, कधी गेलं, याचा होता तो एकुलता एक साक्षीदार काकांनी स्वतःच्या हाताने गारद केला. त्यानंतर मला बोलावणं आलं. मी अकाउंट्स बघतो हो. पण सोसायटीत एकदा कोणाचा प्रिंटर चालू करून दिला की जन्मभराची नेमणूक होते.

राउटरचं पान उघडायला युझरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. (हा तर अजिबात बदलू नका. साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा तो डीएनएस. आत शिरलेल्याने त्याच्या जागी स्वतःचा बसवला, तर तुम्ही बँकेचं नाव टाकणार आणि तो म्हणेल तिथे जाणार. तेवढाच बदल.) त्या घडीला जोडलेल्या उपकरणांची यादी समोर आली. सतरा. त्यातली काकांची दोन. बाकीची नावं मी पोलिसांच्या देखत एकेक वाचत गेलो. कोणाचा रेडमी, कोणाचा लॅपटॉप, एक 'पिंकी-टॅब', एक टीव्ही. टीव्ही! कोणीतरी चार वर्षं काकांच्या जिवावर मालिका बघत होतं. आणि अकराव्या ओळीत माझ्या आईचा फोन. आडनावासकट. ते नाव मीच हौसेने टाकलं होतं.

"हे आडनाव तुमचंच ना?" हवालदारांनी विचारलं.

दोन दिवसांची रजा, चौकीतला बाक, आईच्या फोनचं बिल, तिचा जबाब. आई आयुष्यात पहिल्यांदा पोलीस स्टेशनची पायरी चढली ती सत्तरीत. "मी काही केलं नाही रे, ते आपोआप लागतं," एवढंच दोन दिवस म्हणत होती.

आपोआपच लागतं. एकदा जोडलेल्या नावाचं खुलं नेटवर्क पुन्हा दिसलं की फोन कोणाला न विचारता जाऊन चिकटतो. म्हणून पुढचा सल्ला असा, की ही सोय कधीही बंद करू नका. स्टेशनवर, मॉलमध्ये, कॅफेत, जिथे 'फ्री' दिसेल तिथे जोडून घ्या. नाव काय, कोणीही काहीही ठेवतो. वाशी स्टेशनवर पाठीवरच्या बॅगेत छोटा राउटर घेऊन उभा राहिलेला माणूससुद्धा आपल्या नेटवर्कला रेल्वेचं नाव देऊ शकतो, तुमच्या फोनला फरक कळत नाही. मग छान पान उघडेल, ईमेल आणि पासवर्ड मागेल. द्या. घाई आहे, ७:५२ चुकेल.

'साईटला कुलूप दिसतंय, म्हणजे सेफ' असं म्हणणाऱ्यांनी तर निर्धास्तच राहावं. ते कुलूप म्हणजे तुमचं आणि समोरच्या साईटचं बोलणं मधल्या तिसऱ्याला कळत नाही, एवढंच. समोरची साईटच चोराची असली तर चोराशी तुमचं बोलणंही तितकंच गुप्त राहतं.

पासवर्ड ठेवायचाच झाला तर १२३४५६७८. आठ अक्षरांहून कमी चालत नाहीत, हा केवढा जुलूम.

पाहुण्यांनाही तोच द्या. हल्ली लोक पाणी नंतर मागतात.

आणि कोणी जास्तच शहाणपणा शिकवायला लागला तर काकांचं ठेवणीतलं वाक्य आहेच: "असलं काही आपल्याकडे होत नाही." चौकीतून परत येतानाही ते हेच म्हणाले. रिक्षात. माझ्या शेजारी बसून.

आपल्याकडे होत नाही? काका, नेरूळहून दोन स्टेशनं. सानपाडा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, पन्नासहून जास्त माणसं मेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल वृत्तवाहिन्यांना गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन माणूस भाड्याने राहत होता, आणि त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं. एटीएसच्या चौकशीला तो बसला, ईमेल धाडणारे भलतेच. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या. २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. अख्ख्या देशाला जो धडा मिळाला तो आपल्या हार्बर लाइनवर मिळाला, आणि आपण तो धडा होऊन गेलेल्या गावात राहून म्हणतो, इथे होत नाही!

पुरे झाली थट्टा. लाज वाटली पाहिजे आपल्याला. तिजोरीसारखे सेफ्टी डोअर लावता, त्याला तीन कड्या, वर कॅमेरा, आणि तो कॅमेरासुद्धा पासवर्ड नसलेल्या वायफायवर! वॉचमनने कुरिअरवाल्याची नोंद केली नाही तर मीटिंगमध्ये आरडाओरडा करता. इथे रोज पंधरा जण तुमच्या नावावर घरात येऊन जातात, ते चालतं? आणि फुकट मिळतंय म्हणून जोडून घेणारे आपण सगळे, माझ्या घरासकट, काय हरिश्चंद्र आहोत? त्या मुलीचे अठरा हजार अजून परत आलेले नाहीत. निदान तिने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून तपास सुरू तरी झाला. काकांनी काय केलं? आज सकाळी जिन्यात मला विचारलं, "पासवर्ड टाकल्यावर स्पीड कमी होतो का रे?"

नाही होत! पाच मिनिटांचं काम आहे. राउटर उलटा करा, खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, ॲडमिनचा पासवर्ड बदला, सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाचे प्रकार) निवडा, लांबलचक पासवर्ड द्या. जमत नसेल तर ज्याला दर महिन्याला पैसे मोजता त्या केबलवाल्याला बोलवा. मला नको.

आत्ता हे लिहिताना माझ्या फोनवर आसपासची नऊ नेटवर्कं दिसतायत. दोघांपुढे कुलूप नाही. त्यातल्या एकाच्या नावात बी-६०४ लिहिलंय. वहिनी, तुम्हीच. जेवण झालं असेल तर उठा.