पर्मच्या प्रतीक्षेलाही मुदत हवी

२०२४ च्या जानेवारीत आमच्या कार्यालयातल्या चहा-कॉफीच्या खोलीत, फ्रिजशेजारच्या भिंतीवर एक कागद लागला. त्यावर माझ्या पदाचे नाव होते, कामाचे वर्णन होते आणि देऊ केलेला वार्षिक पगार आकड्यांत छापलेला होता. या पदासाठी परदेशी व्यक्तीच्या वतीने लेबर सर्टिफिकेशनचा (म्हणजे या कामाला पात्र अमेरिकी उमेदवार मिळत नाही अशा कामगार खात्याच्या प्रमाणपत्राचा, ज्याला पर्म म्हणतात) अर्ज होत असून त्याविषयी कोणाकडे काही पुरावा असल्यास तो अमेरिकेच्या कामगार खात्याकडे पाठवावा, असे खाली नमूद केले होते. माझे नाव त्यात नव्हते. परंतु आमच्या बारा जणांच्या विभागात ते काम मी एकटीच करते हे सर्वांना ठाऊक होते. कायद्याप्रमाणे तो कागद सलग १० कामकाजाचे दिवस तिथे राहिला आणि ते १० दिवस मी डब्यातले जेवण गरम करायला सुद्धा त्या खोलीत फारशी गेले नाही. त्याच महिन्यात एका रविवारच्या वर्तमानपत्रात माझ्याच नोकरीची जाहिरात आली. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. मी पुलांच्या आराखड्यांचे काम करते, सांगलीत शिकले आणि २०१९ पासून एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर काम करते आहे. आपण करत असलेले काम करायला या देशात दुसरे कोणी मिळते का, याचा शोध आपल्या डोळ्यांदेखत चाललेला पाहणे मला जड गेले, तरीही त्या शोधाविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतर सुरू झालेल्या प्रतीक्षेविषयी आहे आणि तीच आज सविस्तर मांडावी असे वाटते.

आपल्याकडे ग्रीन कार्डाची रांग म्हटली की सर्वांच्या मनात प्रायॉरिटी डेटची, म्हणजे आपला क्रम ठरवणाऱ्या तारखेची रांग येते. वर्षाला नोकरीवर आधारित सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे, त्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा आणि त्यामुळे भारतीयांची वर्षानुवर्षे चालणारी वाट, हे आता महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत झाले आहे. २०२५ च्या ऑक्टोबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, भारतीयांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित दोन्ही वर्गांच्या अंतिम तारखा २०१३ मध्येच होत्या. पण या रांगेच्या आधी आणखी एक रांग आहे, तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. ती म्हणजे पर्मची, अर्थात लेबर सर्टिफिकेशनची. ही रांग ओलांडल्याशिवाय कंपनीला आय-१४० चा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्जच करता येत नाही.

या प्रक्रियेचे टप्पे थोडक्यात सांगते. प्रथम कंपनी कामगार खात्याकडून त्या पदाचा त्या परिसरातला प्रचलित पगार ठरवून घेते, त्याला प्रिव्हेलिंग वेज म्हणतात. माझ्या बाबतीत २०२३ च्या जूनमध्ये केलेल्या या अर्जाचे उत्तर डिसेंबरात आले. त्यानंतर दोन रविवारच्या जाहिराती, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवसांची नोंद, कार्यालयातला तो कागद आणि पदवीची अट असलेल्या पदांसाठी भरतीचे आणखी तीन मार्ग. आलेला प्रत्येक अर्ज कंपनीने तपासायचा आणि पात्र, इच्छुक अमेरिकी उमेदवार मिळाला तर प्रक्रिया तिथेच थांबवायची. असा कोणी न मिळाल्यास ईटीए-९०८९ हा अर्ज दाखल करायचा. माझा अर्ज २०२४ च्या एप्रिलमध्ये दाखल झाला आणि तो मंजूर झाल्याचे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळले. म्हणजे १६ महिने, तेही ऑडिट, म्हणजे खात्याकडून भरतीच्या कागदपत्रांची जादा तपासणी, न लागता. माझे प्रकरण काही अपवादात्मक नव्हते. त्या काळात साधारण प्रत्येकालाच एवढी वाट पाहावी लागत होती. २०२० च्या आसपास याच तपासणीला तीन-चार महिने लागत असत.

हे १६ महिने वाट पाहताना मी नियम वाचत गेले, आणि जसजशी वाचत गेले तसतशी एक गोष्ट अधिकाधिक खुपू लागली. या सगळ्या व्यवस्थेत प्रत्येकाला मुदत आहे. बहुतेक जाहिराती अर्जाच्या आधी किमान ३० दिवस झालेल्या असाव्या लागतात आणि १८० दिवसांपेक्षा जुन्या झाल्या की त्या बाद होतात. ऑडिट आले तर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. सर्टिफिकेशन हाती आल्यावर १८० दिवसांत आय-१४० दाखल केला नाही तर ते रद्दबातल ठरते. एच-१बी ची मर्यादा सहा वर्षांची. नोकरी गेली तर कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त ६० दिवस. मुदत नाही ती एकट्या कामगार खात्याला. बरे, हे खाते मुदत पाळू शकत नाही असेही नाही. एच-१बी साठी लागणारा लेबर कंडिशनचा अर्ज हेच खाते ७ कामकाजाच्या दिवसांत निकालात काढते, कारण तशी मुदत कायद्यानेच घालून दिली आहे. तो अर्ज तपासायला सोपा असतो हे मान्य. पण ७ दिवस आणि १६ महिने यांतली तफावत केवळ कामाच्या अवघडपणाने भरून निघत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला गांभीर्याने घ्यावासा वाटतो. अमेरिकी कामगाराचे रक्षण करण्यासाठी ही तपासणी आहे, ती काळजीपूर्वक व्हायला हवी, घाई कशाला, असे म्हटले जाते. तपासणी हवी याविषयी माझे दुमत नाही. काही बड्या कंपन्यांनी या भरतीत मुद्दाम अडथळे उभे केल्याची प्रकरणे न्याय खात्याने बाहेर काढली आहेत. पर्मच्या पदांसाठी उमेदवारांना नेहमीच्या ऑनलाइन मार्गाऐवजी टपालाने अर्ज पाठवायला लावल्याचा ठपका फेसबुकवर आला आणि २०२१ मध्ये त्या कंपनीने १ कोटी ४२.५ लाख डॉलरपर्यंतची तडजोड केली. २०२३ मध्ये ॲपलने अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. तेव्हा देखरेख अनावश्यक आहे असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. पण २०२४ च्या जानेवारीत माझ्या पदाची जाहिरात वाचून ज्या अमेरिकी अभियंत्याने अर्ज केला असेल आणि त्याला डावलले गेले असेल, त्याला २०२५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीचा काय उपयोग? तो एव्हाना दुसरीकडे रुजू झालेला असणार किंवा निराश होऊन ते क्षेत्रच सोडून गेलेला असणार. जी भरती सहा महिन्यांत शिळी होते असे कायदा स्वतःच सांगतो, तिचे कागद सव्वा-दीड वर्षाने उघडून पाहण्यात ना त्याचे हित आहे ना माझे. विलंबामुळे रक्षण अधिक चांगले होते, हा समज मुळातूनच चुकीचा आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. "पुढे दहा-वीस वर्षे थांबायचेच आहे, मग पर्मला एक वर्ष जास्त लागले म्हणून काय बिघडले?" हे मला अनेक सुशिक्षित मित्रांनी ऐकवले आहे. पर्मचा अर्ज दाखल होण्याचा दिवस हीच प्रायॉरिटी डेट असते, त्यामुळे नंतरच्या तपासणीला कितीही वेळ लागला तरी रांगेतली जागा बदलत नाही, हे खरे आहे. परंतु प्रिव्हेलिंग वेजच्या उत्तरासाठी गेलेले सहा महिने मात्र ती तारीखच तेवढी पुढे ढकलतात. आणि आय-१४० मंजूर होईपर्यंतचा काळ आमच्या पायांतल्या बेडीसारखा असतो. मंजुरीनंतर नोकरी बदलली तरी साधारणपणे जुनी प्रायॉरिटी डेट टिकते, पण त्याआधी बदलली तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्याच कंपनीत राहून दूरच्या शहरात बदली घेतली तरीही नवा पर्म लागू शकतो, कारण सर्टिफिकेशन त्या पदाशी आणि त्या परिसराशी बांधलेले असते.

मी या अनुभवातून एकदा गेलेली आहे. माझ्या आधीच्या कंपनीने २०२१ च्या अखेरीस प्रक्रिया सुरू केली होती. प्रचलित पगाराचे उत्तरही आले होते. मग २०२२ मध्ये तिथे नोकरकपात झाली आणि सर्वांचेच पर्म थांबवण्यात आले. त्याच पदावरून, त्याच भागात मागच्या सहा महिन्यांत कर्मचारी कमी केले असतील तर त्यांना आधी विचारणे कंपनीवर बंधनकारक असते. त्यामुळे तो निर्णय मी समजू शकते. २०२३ च्या हिवाळ्यात गूगलसारख्या कंपन्यांनीही नवे पर्म थांबवले होते. पण माझ्या सहा वर्षांच्या मुदतीतला वर्षभराहून अधिक काळ त्यात निघून गेला, तो मला कोणी परत दिला नाही. २००० च्या कायद्याने अशी सोय केली आहे की पर्म दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर सहा वर्षांनंतरही एकेका वर्षाची मुदतवाढ मिळते. माझा अर्ज या सोयीत बसला, पण पाच-सहा महिन्यांच्याच फरकाने. प्रिव्हेलिंग वेजला आणखी थोडा उशीर झाला असता तर अर्ज दाखल करायलाही उशीर झाला असता आणि मुदत संपल्यावर आम्हाला देश सोडून वाट पाहावी लागली असती.

माझे पती सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असत. एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला काम करण्याचा परवाना २०१५ पासून मिळू लागला, पण तो मुख्यतः आय-१४० मंजूर झाल्यावरच. म्हणजे पर्मची फाइल कामगार खात्यात पडून असलेला प्रत्येक महिना हा त्यांच्याही घरी बसण्याचा महिना होता. ते शेजारच्या मुलांना शिकवायला तयार होते, पण मोबदला घेणे बेकायदा ठरले असते, म्हणून ग्रंथालयात विनामूल्य शिकवत राहिले. सासूबाई दर रविवारी फोनवर मला विचारायच्या, "अगं, कागद आला का तुझा?" त्यांना काय सांगावे हे मला कधीच नीट सुचले नाही. आपला मुलगा दोष नसताना रिकामा बसला आहे, एवढेच त्यांना दिसत होते आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

ज्यांच्या देशांना प्रायॉरिटी डेटची लांब रांग नाही, त्यांच्यासाठी तर पर्मचा विलंब हाच मोठा विलंब असतो. माझ्या एका ब्राझिलियन सहकाऱ्याची मुलगी १९ वर्षांची आहे. २१ वर्षांनंतर मुले पालकांच्या अर्जातून गळतात, म्हणून त्यांना संरक्षण देणारा एक कायदा आहे. त्यानुसार आय-१४० प्रलंबित राहिल्याचे दिवस मुलांच्या वयातून वजा करता येतात. पर्म प्रलंबित राहिल्याचे दिवस मात्र वजा होत नाहीत. दिरंगाई सरकारची आणि वय मुलीचे वाढते, हा अन्याय इतका उघड आहे की तो आजवर दुरुस्त का झाला नाही हे मला उमगत नाही.

हे सगळे असेच चालायचे, असे मानण्याचे कारण नाही. पर्मची आजची पद्धत २००५ च्या मार्चमध्ये सुरू झाली तीच मुळी आधीच्या पद्धतीतल्या तुंबलेल्या अर्जांवर उपाय म्हणून. त्यासाठी फिलाडेल्फिया आणि डॅलस इथे खास केंद्रे उघडली गेली आणि लाखो जुने अर्ज सुमारे तीन वर्षांत निकालात निघाले. नव्या पद्धतीत ऑडिट नसलेल्या अर्जाचा निर्णय ४५ ते ६० दिवसांत होईल, असे खात्यानेच तेव्हा सांगितले होते. मनावर घेतले तर हे होऊ शकते, याचा पुरावा खात्याच्याच इतिहासात आहे.

माझ्या मते आज मूळ अडचण पैशाची आणि माणसांची आहे. इमिग्रेशन खाते अर्जांवर शुल्क घेते आणि त्यातून आपला खर्च भागवते. आय-१४० साठी अधिक रक्कम भरली तर पर्मवर आधारित अर्जाचे उत्तर १५ कामकाजाच्या दिवसांत मिळते. कामगार खाते पर्मसाठी एक डॉलरही घेत नाही. बहुतांश कारभार अमेरिकी संसद (काँग्रेस) मंजूर करील त्या निधीवर चालतो आणि अर्ज वाढले म्हणून निधी आपोआप वाढत नाही. पर्मचा खर्च २००७ पासून नियमानेच कंपनीवर टाकलेला आहे, त्यामुळे शुल्क लावले तरी त्याचा भार कर्मचाऱ्यावर येणार नाही. वकील आणि जाहिरातींवर हजारो डॉलर खर्च करणाऱ्या कंपन्यांना वाजवी शुल्क जड होणार नाही. ते शुल्क याच कामावर खर्च करण्याचे बंधन हवे आणि जोडीला निर्णयाची मुदत हवी. जाहिरातींना १८० दिवसांची मर्यादा आहे, तीच तपासणीलाही लावावी, एवढे साधे मागणे आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झाले तेव्हा खात्याची ऑनलाइन यंत्रणाच बंद होती आणि ज्यांच्या जाहिरातींची मुदत संपत आली होती त्यांचा जीव टांगणीला लागला होता. शुल्कावर चालणारे इमिग्रेशन खाते त्याच काळात बहुतांशी सुरू होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आपण इथले मतदार नाही, म्हणून गप्प बसावे असे अनेकांना वाटते. २००७ च्या जुलैसाठी जवळपास सर्व तारखा खुल्या झाल्याचे जाहीर करून तो निर्णय ऐनवेळी मागे घेतला गेला, तेव्हा भारतीय कर्मचाऱ्यांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले होते आणि दोन-अडीच आठवड्यांत अर्ज पुन्हा स्वीकारले गेले. आपापल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही. मी लिहिले आहे. तुम्हीही लिहा आणि पत्रात स्वतःच्या तारखा द्या.

आणि जी मुले-मुली आत्ता नव्या नोकरीच्या वाटाघाटी करत आहेत त्यांना एक कळकळीची विनंती. पगार, बोनस यांच्या बरोबरीने पर्म कितव्या महिन्यात सुरू करणार हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "एक वर्ष पाहू, मग ठरवू" असे सांगितले गेले तर ते एक वर्ष, प्रचलित पगाराचे सहा महिने, भरतीचे तीन-चार महिने आणि अर्जानंतरचे ३६५ दिवस यांची बेरीज आपल्या एच-१बी च्या उरलेल्या मुदतीशी ताडून पाहा. मी ती २०२१ मध्ये केली नव्हती. माझा आय-१४० सप्टेंबरात मंजूर झाला, पतींचा कामाच्या परवान्याचा अर्ज गेला आहे आणि सध्या आम्ही त्याची वाट पाहत आहोत.