पाहुण्यांना आदिवासी कला कशी दाखवावी

अभिनंदन! नवी मुंबईत आंतरराष्ट्रीय स्पर्धा येतेय. पाम बीच रोडचे दुभाजक रातोरात रंगतील, खड्डे फक्त संघाच्या बसच्या मार्गावरचे बुजतील आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवेल की, पाहुण्यांना ‘आपली संस्कृती’ दाखवायची राहिलीच. घाबरू नका, अजून वेळ आहे.

आधी खांब आणि भिंती. मोकळा खांब दिसला की वारली. चित्रकार शोधायला डहाणूपर्यंत कशाला जाता? वाटेत घोडबंदरचा ट्रॅफिक लागतो. नेटवरून चित्र उतरवा, फ्लेक्सवाल्याला पाठवा. या कलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे असं कुणी पुटपुटलं, तर ‘अरे वा, अभिमानास्पद!’ म्हणा.

लग्नचौक घ्या, देखणा असतो. लग्नघरी सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, मधोमध पालघट देवी असते. तुम्ही तो प्रवेशद्वाराशी जमिनीवर चिकटवा. मी पाहिलाय तसा चिकटवलेला. देवीच्या अंगावर बुटांचे ठसे, बाजूला सांडलेलं कोल्ड्रिंक. स्पॉन्सरचा लोगो मात्र वर कमानीवर, कुणाचा पाय लागणार नाही असा.

भाषणात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं नाव आणि २०११ची पद्मश्री. पुढे काही माहीत असायची गरज नाही.

कोळीनृत्य तुम्ही न सांगताही ठेवालच.

परदेशात काय करतात ते बघू नका, सवयी बिघडतात. व्हँकुव्हरच्या २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथल्या चार मूळनिवासी समाजांना चक्क यजमानांत बसवलं, पदकांवर कॉरिन हंट या मूळनिवासी कलावतीचं काम घेतलं. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकात सिडनीसोबत गॅडिगल हे जुनं नावही वापरलं. आपल्याकडे हे सुरू झालं तर उद्या ही मंडळी मीटिंगमध्ये खुर्ची मागतील!

आता तारपा, म्हणजे दुधी भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. एका इव्हेंट कंपनीचा फोन आला, ‘एखादा तारपा ग्रुप अरेंज होईल का?’ मी जव्हारकडच्या एका पथकाचा नंबर दिला. माणसं भातकापणी टाकून आली. त्यांना भर उन्हात पार्किंगच्या गेटपाशी बसवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. दुधी तडकू नये म्हणून म्हाताऱ्या तारपकऱ्याने तारपा टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. रीत अशी की तारपकरी मध्ये आणि नाचणारे भोवती गोल, त्याच्याकडे पाठ करायची नाही. गळ्यात पास अडकवलेला एक पोरगा आला आणि म्हणाला, ‘सर्कल नको, कॅमेऱ्याकडे तोंड करून लाइन करा.’ केली लाइन. तेवढ्यात डीजे सुरू. म्हाताऱ्याचे गाल फुगलेले दिसत होते, तारप्याचा सूर एकालाही ऐकू आला नाही. ‘व्हिज्युअल मस्त आलं’ म्हणे! मग पैशांचं विचारलं, तर व्हेंडर रजिस्ट्रेशन करा, जीएसटी नंबर पाठवा, कॅन्सल्ड चेक जोडा, लेटरहेडवर बिल द्या. लेटरहेड! कुणाकडे मागता आहात? नाचायला बोलावताना नाही लागलं लेटरहेड! नंतर ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’. त्यानंतर ‘ते सर आता कंपनीत नाहीत’. डीजेवाल्याला, बाउन्सरला, फुलवाल्याला पैसे पोचले. त्यांची प्रोसेस बरी झटपट होते!

लाज वाटत नाही का हो? २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. येऊरच्या पाड्यांवर आजही वारली राहतात, तुमच्या टॉवरच्या गॅलरीतून तो डोंगर दिसतो. चित्र हवंय तर चित्रकाराला बोलवा आणि त्याचं नाव त्याच भिंतीवर लिहा. तारपा हवाय तर स्पीकर बंद करा आणि त्यांना गोल नाचू द्या. सावलीत बसवा, जेवू घाला, गाडीत बसायच्या आत मानधन हातावर ठेवा. बिलाचे कागद तुमचा अकाउंटंट करेल, पगार त्याचाच घेतो तो.

आणि पुढच्या स्पर्धेला मला फोन करून नंबर मागू नका. आधी मागचे पैसे द्या.