पापलेटला ‘नवशिक्यांचा मासा’ म्हणणाऱ्यांना

मासेखाऊंच्या ग्रुपवर अधूनमधून एक शहाणा उगवतोच. "पापलेट काय, कुणीही खातं. काटे काढता आले पाहिजेत, तो खरा खवय्या." त्याखाली लाइकचा पाऊस. मी स्वतः मांदेली ताटभर खाते, बांगड्याच्या तिखल्यावर तर जीवच आहे, तरी हे वाचलं की डोकं फिरतं. खायला सोपं असणं हा माशाचा गुन्हा कधीपासून झाला?

पापलेट खाणाऱ्याला सोपं आहे, कबूल. मधला कणा, त्याला लागून काटे, संपलं. दात नुकते आलेल्या नातवाला आणि दात गेलेल्या आजोबांना एकाच तुकडीतून भरवता येतं. पण घेणाऱ्याची आणि रांधणाऱ्याची परीक्षा त्याच्याइतकी दुसरा कुठलाच मासा घेत नाही. बांगडा तेलकट, चवीला उग्र. त्याला तिरफळं, चिंच, तिखट सगळं झेपतं आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी झाकून जातं. पापलेटचं मांस पांढरंशुभ्र, बारीक पापुद्र्यांचं, चव सौम्य आणि किंचित गोडसर. शिळं असेल तर पहिल्या घासाला कळतं. मसाला जास्त झाला तर फक्त मसालाच कळतो.

बाजारात माझ्या नेहमीच्या मासेवाल्या मावशी न सांगता गालाजवळ दाबून दाखवतात. दुधासारखं पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं की पुढच्या पाटीकडे वळायचं. मग विचारतात, "अख्खा ठेवू का तुकडी करू?" कालवणाला तुकडी, तव्याला अख्खं, आणि आकार मध्यमच. ताटाबाहेर जाणारं सुपर साइज पापलेट पाहुण्यांवर छाप पाडायला ठीक, पण ते आतपर्यंत शिजेस्तोवर कडा वाळतात.

घरी हळद, मीठ, जेमतेम तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ. वीसेक मिनिटं पुरे. लिंबात तासन् तास बुडवून ठेवलेलं पापलेट तव्यावर जायच्या आधीच चरबट झालेलं असतं. वरून तांदळाचं पीठ, हवा तर चिमूटभर रवा, आणि एकदाच उलटायचं. सारखं उलथनं घालणाऱ्याला स्वयंपाकघराबाहेर काढावं. नीट जमलं की शेपटी आणि पर पापडासारखे कुरकुरीत होतात. आमच्याकडे भांडणं त्यावरूनच होतात, मधल्या मांसावरून नाही.

हॉटेलातल्या तंदुरी पापलेटबद्दल काय बोलावं! खोल चिरा, लाल रंग, दह्याचा थर, आणि आत कोरडा कापूस. डोळे मिटून खाल्लं तर मासा आहे की पनीर, सांगता येणार नाही. त्यापेक्षा पारशांना माशाची जाण जास्त. पात्रानी मच्छीत खोबरं-कोथिंबिरीची हिरवी चटणी लावून पापलेट केळीच्या पानात वाफवतात. तेल जवळजवळ नाहीच, माशाचा रस पानातल्या पानात. पारशी लग्नाच्या जेवणात हा पदार्थ मानाने वाढतात. तो खाऊन मग ‘नवशिके’ म्हणा.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केलं. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी पापलेटसाठी नावाजलेलं, तिथल्या मच्छीमारांची ही जुनी मागणी. त्यामागे नुसता मान नव्हता, पापलेट कमी होत चाललंय ही धास्ती होती. वाढ व्हायच्या आत, एकदाही अंडी न घातलेली पिल्लं जाळ्यात येतात आणि बाजारात वाट्यावर विकली जातात. तळहाताएवढी, कणा काढला की दोन घास. मला यातला राग मच्छीमारापेक्षा गिऱ्हाइकाचा जास्त येतो, कारण "स्वस्तात पापलेट मिळालं" म्हणून फोटो टाकणारे आपणच.

असा वाटा दिसला की मी मांदेली घेते. घासाघीस तिथेही होतेच.