भोकात शिरला म्हणजे बसला असे नव्हे: घडीच्या दस्त्याच्या स्क्रूविषयी

रायफलच्या घडीच्या दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पण दुमडता येणाऱ्या मागच्या भागाचा, एखादा स्क्रू हरवला किंवा झिजला, की एक सल्ला हमखास पुढे येतो: "जुन्याएवढ्या जाडीचा आणि लांबीचा कोणताही स्क्रू चालतो, जमल्यास सर्वांत कठीण जातीचा घ्या, आट्यांना लाल लॉकिंग द्रव (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि जोर पुरेल तितका आवळा." यातील प्रत्येक भागात थोडे तथ्य असल्यामुळे हा सल्ला टिकून आहे. तो एकेक भाग घेऊन तपासला, की नुकसान कुठून होते ते दिसते.

पहिला दावा जाडीचा. स्क्रूची ओळख जाडी आणि आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, या दोहोंनी होते आणि नेमके इथेच मेट्रिक व इंची मापे फसवतात. एम5 स्क्रूची नाममात्र जाडी 5 मिमी आणि पिच 0.8 मिमी असते. इंची नंबर 10, इंचाला 32 आट्यांच्या स्क्रूची जाडी 4.826 मिमी आणि पिच 0.794 मिमी असते. दहा आट्यांवर हा फरक जेमतेम 0.06 मिमी भरतो, त्यामुळे पिच गेज (आट्यांचे अंतर ताडून पाहायची दातेरी पट्टी) लावूनही तो नजरेत भरत नाही. हा इंची स्क्रू एम5 च्या भोकात विनासायास फिरत जातो, शेवटी थोडा घट्टही लागतो, पण आट्यांची पकड उथळ असल्यामुळे काही झटक्यांनंतर आटे मरतात. उलट एम5 स्क्रू इंची भोकात अडतो आणि जोर लावणारा माणूस त्या भोकाचेच आटे कापून टाकतो. व्हर्नियर कॅलिपरने फरक कळू शकतो, कारण नव्या एम5 चे बाहेरचे माप साधारण 4.83 ते 4.98 मिमी असते आणि त्या इंची स्क्रूचे त्याहून किंचित कमी. मात्र झिजलेला एम5 इंचीसारखाच मोजला जातो. म्हणून हातातील जुन्या स्क्रूपेक्षा दस्त्याच्या निर्मात्याने दिलेले माप किंवा त्याच बिजागरीतला शाबूत राहिलेला जोडीचा स्क्रू अधिक विश्वासार्ह. रायफलच्या नावावरून अंदाज बांधण्यातही अर्थ नाही: एफएन एफएएल या रायफलची बेल्जियन आवृत्ती मेट्रिक मापांत आणि तिचीच ब्रिटिश आवृत्ती एल1ए1 इंची मापांत बनली.

डोक्याचा कोनही तपासावा लागतो. काउंटरसंक, म्हणजे खळग्यात बसणारे निमुळते, डोके मेट्रिक स्क्रूत 90 अंशांचे, तर अमेरिकी इंची स्क्रूत सहसा 82 अंशांचे असते. कोन चुकला तर डोके खळग्यात पूर्ण न टेकता एका कडेवर बसते आणि तेवढीच कड चेपत जाते.

लांबीच्या बाबतीत चूक साधी असते, परिणाम मात्र साधा नसतो. गोल किंवा दंडगोल डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, काउंटरसंकची डोक्यासकट. हे ठाऊक नसलेला माणूस डोक्याच्या उंचीइतका आखूड किंवा लांब स्क्रू घेऊन येतो. बंद तळाच्या भोकात लांब स्क्रू तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण भाग मात्र सैलच राहतो. आरपार भोकात त्याचे टोक दुसऱ्या बाजूला निघून दस्ता जागी धरणारा खटका पूर्ण बसू देत नाही.

कठीण जातीचा दावा मला सर्वांत दिशाभूल करणारा वाटतो. 12.9 या ताकदीच्या वर्गातील स्क्रूची ताणशक्ती किमान 1220 न्यूटन प्रति चौरस मिमी आणि 8.8 ची 800 च्या आसपास, हे खरेच. सर्वसाधारण ए2-70 स्टेनलेस 700 वर थांबते. पण बिजागरीच्या मुख्य स्क्रूला ताणापेक्षा आडवा कातरणारा भार अधिक सोसावा लागतो आणि तो कोणत्या भागावर पडतो हे महत्त्वाचे असते. मूळ स्क्रूचा बिजागरीत फिरणारा भाग बहुधा गुळगुळीत, बिनआट्यांचा असतो. तोच खरे तर धुरा असतो. त्याच्या जागी शेवटपर्यंत आटे असलेला स्क्रू घातला, तर आट्यांच्या धारा कानशीसारख्या भोकाला घासतात, भोक लांबट होते आणि दस्ता हलू लागतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या अंगात, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो त्या भागात, अतिकठीण स्क्रू जास्त आवळला, तर स्क्रू वाचतो आणि अंगाचे आटे जातात. स्क्रू बदलता येतो. अंगात नवे आटे बसवण्यासाठी तारेची इन्सर्ट (गुंडाळलेल्या तारेची आटेदार नळी) घालावी लागते.

लाल द्रवाविषयी थोडक्यात: तो हवा नसताना धातूच्या संपर्काने घट्ट होतो आणि नंतर सोडवायला साधारण 250 अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. ॲल्युमिनियमच्या ताकदवान मिश्रधातूंना त्यांची ताकद 120 ते 175 अंशांच्या आसपास मुरवून दिलेली असते आणि नायलॉन 6 सुमारे 220 अंशांना वितळतो. म्हणजे स्क्रू निघेपर्यंत दस्त्याचीच वाट लागते. काही प्लॅस्टिकना हे द्रव लागताच तडेही जातात. स्थिर स्क्रूला, धातूत धातू असेल तिथे, निळा मध्यम द्रव एखादा थेंब पुरतो. बिजागरीच्या फिरत्या भागापर्यंत तो ओघळू देऊ नये.

राहिला आवळण्याचा प्रश्न. दस्त्याची बैठक धरून ठेवणाऱ्या स्क्रूला दाब हवा, हे मान्य. पण प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू सरकते आणि सुरुवातीचा घट्टपणा काही आठवड्यांत ओसरतो. म्हणूनच चांगल्या दस्त्यांत स्क्रूभोवती धातूची बुश, म्हणजे छोटी नळी, असते, जी हा दाब स्वतःवर घेते. ती जुन्या स्क्रूसोबत गळून पडली असेल तर आधी ती शोधावी. बिजागरीच्या धुऱ्याला मात्र किंचित मोकळीक हवी. तो आवळला तर दस्ता घडी होताना अडतो आणि सैल सोडला तर उघडल्यावर गालाखाली डुलतो.

बसवताना रायफल रिकामी, मॅगझिन काढलेले आणि चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहिलेले असावे. स्क्रू आधी बोटांनीच फिरवावा. निदान तीन-चार फेरे तो पान्याशिवाय, न अडता जायला हवा. पूर्ण बसल्यावर डोक्यावरून अंगावर रंगाची एक बारीक रेघ ओढावी आणि पहिल्या काही फैरींनंतर ती जुळते का ते पाहावे. रेघ तुटलेली दिसली, तर अधिक जोराने आवळण्याआधी स्क्रू काढून त्याचे माप पुन्हा घ्यावे.