‘विचार बदला, गोळी सोडा’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडे मागेपुढे होतात, गाभा तोच राहतो: ‘डिप्रेशन हा आजार नाही, नकारात्मक विचारांची सवय आहे. सवय माणसानेच लावून घेतली, त्यानेच सोडायची. गोळीने विचार बदलत नाहीत, मेंदू फक्त सुन्न होतो. सेरोटोनिनची थिअरी खोटी निघाली हे शास्त्रज्ञच सांगतात. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर गोळी बंद करा, नाहीतर जन्माची सवय लागेल.’

यात काही अर्धसत्यं आहेत, म्हणूनच तो पटतो. पटला की एखाद्या घरात बाराव्या दिवशी गोळ्यांची पट्टी कपाटात जाते. तेव्हा एकेक वाक्य धरून बघू.

‘नकारात्मक विचारांची सवय आहे’

वडगाव-शहापूर भागातल्या एखाद्या मागावर काम करणाऱ्या माणसाला मालक म्हणाला, ‘साडी चांगली उतरलीय, काठ तेवढा बघ.’ तब्येत ठीक असलेला माणूस दोन्ही गोष्टी ऐकतो. नैराश्यात असलेल्याच्या कानात ‘काठ तेवढा बघ’ एवढंच शिरतं. मालकाच्या साध्या चेहऱ्यावर त्याला नाराजी दिसते. रात्री आठवतात त्या फक्त आजवरच्या चुका. लक्ष कशाकडे जातं, अर्थ काय लागतो आणि आठवणीत काय राहतं, या तिन्ही ठिकाणी पारडं एकाच बाजूला झुकलेलं असतं. ‘आपण वाईट, जग वाईट, पुढेही वाईटच’ हे तिहेरी चित्र आरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1960 च्या दशकात मांडलं. पुढच्या प्रयोगांतून दिसलं की हा झुकाव विचार मनात तयार होण्याच्याही आधी सुरू होतो.

हे मोजता येतं. संगणकावर चेहरे दाखवतात, हसरेपणा थोडा थोडा वाढवत नेलेला असतो. नैराश्यात असलेल्यांना हसू ओळखायला ते जास्त ठळक लागतं, आणि धड हसराही नाही, धड दुःखीही नाही असा चेहरा ते दुःखी म्हणून वाचतात. दुसऱ्या चाचणीत ‘प्रेमळ’, ‘आळशी’ अशा स्वभावाच्या शब्दांची यादी दाखवून विचारतात, ‘तुमच्याबद्दल कुणी हा शब्द वापरताना कानावर पडला, तर कसं वाटेल?’ थोड्या वेळाने न सांगता आठवायला लावतात, तेव्हा चांगले शब्द कमी आठवतात. आणखी एका प्रकारात घाबरलेला चेहरा डोळ्यांसमोरून इतक्या झटकन नेतात की तो पाहिल्याचं माणसाला कळतही नाही. तरी मेंदूतल्या अमिग्डाला या, धोका हेरणाऱ्या भागाची हालचाल नैराश्यात जास्त दिसते. जे पाहिल्याचंच कळलं नाही, त्याची सवय कुणी मुद्दाम लावून घेईल कशी?

अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आईला वारंवार नैराश्य आलेलं आहे पण स्वतःला ते कधीच झालेलं नाही अशा लहान मुली घेतल्या होत्या. थोडं उदास केल्यावर त्यांचं लक्ष दुःखी चेहऱ्यांकडे खेचलं जात होतं. आजार यायच्या आधीच जमीन उतरती असू शकते. उतार अनेक कारणांनी पडतो: आनुवंशिकता, लहानपणीचा मारझोडीचा किंवा दुर्लक्षाचा अनुभव, जवळच्याचा मृत्यू, वर्षानुवर्षांचं कर्ज, आधी येऊन गेलेलं नैराश्य. एकदा सुरू झालं की त्याचा फेराही बनतो. माणूस लग्नकार्याला जात नाही, पारावर बसत नाही, म्हणजे चांगलं काही घडायची शक्यताच आटते, आणि मग ‘कुणाला माझी गरज नाही’ हे मनाला सिद्धच झाल्यासारखं वाटतं.

‘गोळीने विचार बदलत नाहीत’

डोक्यात नवे विचार घालणारी गोळी नाही, इथवर बरोबर. पण मजकूर लिहिणाऱ्याला जे माहीत नाही तेच यातलं सर्वांत महत्त्वाचं आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठात कॅथरिन हार्मर, गाय गुडविन आणि फिलिप कावेन यांनी वरच्याच चाचण्या औषध देऊन केल्या. नैराश्याच्या काही रुग्णांना रिबॉक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाची 4 मिलिग्रॅमची एकच गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. काही तासांत चाचणी घेतली. औषध घेतलेले हसरे चेहरे जास्त ओळखू लागले, चांगले शब्द त्यांना जास्त आठवले. गंमत अशी की ‘आता कसं वाटतंय?’ याचं उत्तर मात्र दोन्ही गटांत सारखंच होतं. उदासी जागच्या जागी होती, टिपणं मात्र बदललं होतं. नैराश्य नसलेल्या लोकांना सात दिवस सिटालोप्राम (हेही नैराश्यावरचंच औषध) किंवा रिबॉक्सेटीन दिल्यावरही रागीट आणि घाबरलेले चेहरे ते कमी ओळखू लागले आणि चांगल्या आठवणींचं प्रमाण वाढलं, मूडमध्ये फरक नसताना.

यावरून या तिघांनी 2009 मध्ये एक मांडणी केली: औषध मूडला थेट हात लावत नाही. रोजचं जग ज्या चाळणीतून आत येतं ती चाळणी ते सरळ करतं, आणि मूड त्यानंतर सावकाश वर येतो. मागावरच्या त्या माणसाला आता ‘साडी चांगली उतरलीय’ हेही ऐकू येतं. पण एका दिवसाच्या ऐकण्याने दोन वर्षांची खात्री हलत नाही. असं रोज ऐकू यावं लागतं, आठवणीत साठावं लागतं, तेव्हा कुठे ‘मी अगदीच टाकाऊ नाही’ असं वाटायला लागतं.

म्हणून गोळी चालू असताना माणसाला अंधाऱ्या खोलीत ‘आराम’ करू देणं ही घरच्यांची मोठी चूक होते. चाळणी सरळ झाली, पण तिच्यात घालायला काहीच नाही. पहिल्या आठवड्यापासून रोज एक छोटी, ठरलेल्या वेळेची गोष्ट ठेवावी: सकाळी दूध आणायला जाणं, शेताच्या बांधापर्यंत फेरी, बहिणीशी दहा मिनिटं फोन. जमलं तर दुसऱ्या आठवड्यात दोन. मन लागेल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, कारण मन लागतं ते नंतर. घरात टोमणे चालू असतील तर चाळणीत तेच पडतं, हेही लक्षात ठेवावं.

या मांडणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चाचणीतला सुरुवातीचा बदल बघून डॉक्टरांनी औषध ठरवलं तर रुग्ण जास्त बरे होतात का, हे पाच युरोपीय देशांत तपासलं गेलं. चिंतेत थोडा जास्त फरक पडला, नैराश्यात ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे चेहऱ्यांची चाचणी हा अजून दवाखान्यात वापरायचा तपास नव्हे.

‘पंधरा दिवसांत फरक नाही तर बंद करा’

वरचं समजलं की हे वाक्य आपोआप पडतं. पहिले पंधरा दिवस तर त्रासच जास्त जाणवतो: मळमळ, पातळ जुलाब, डोकं दुखणं, झोप उडणं, कधी जीव घाबरा होणं. काही प्रयोगांत सिटालोप्रामच्या पहिल्या डोसनंतर हसऱ्यांबरोबर घाबरलेले चेहरेही जास्त ओळखले गेले, त्यामुळे सुरुवातीची धडधड समजण्यासारखी आहे. म्हणूनच डॉक्टर कमी डोसने सुरू करतात. एसिटालोप्राम बहुधा 5 मिलिग्रॅम आठवडाभर, मग 10. सर्ट्रालीन 25, मग 50. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. हे त्रास बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत ओसरतात.

फरक बऱ्याचदा आधी घरच्यांना दिसतो. हाक मारल्यावर लवकर ‘ओ’ येते, ताटात भाकरी उरत नाही. माणूस स्वतः मात्र अजून ‘कशातच मन लागंना’ म्हणत असतो. दोन ते चार आठवड्यांत असं काहीच, अगदी काहीच दिसलं नाही तर डॉक्टरांकडे परत जायचं; डोस वाढवणं किंवा औषध बदलणं त्यांनी ठरवायचं. पूर्ण अंदाज पुऱ्या डोसवर सहा-आठ आठवड्यांनी. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे तीन-चारांत एक असतात, तेव्हा औषध बदलावं लागलं म्हणजे उपचार फसला असं नाही.

‘लागू पडली नाही’ म्हणणाऱ्यांची गोळी कधीकधी पोटात गेलेलीच नसते. वाईट वाटेल त्याच दिवशी घेणं, एकादशीला सोडणं, गोव्याला कामाला गेल्यावर पट्टी संपणं, शेजारणीच्या पट्टीतली दोन मागून घेणं. असं तुटक घेतलेलं औषध रक्तात टिकत नाही.

‘सेरोटोनिनची थिअरी खोटी निघाली’

2022 मध्ये जुन्या संशोधनाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची साधी कमतरता, याला भक्कम पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. ‘मेंदूत केमिकल कमी पडलंय’ हे अनेक वर्षं सांगितलं गेलेलं सोपं वाक्य खरंच सोडून द्यायला हवं. पण औषध उपयोगी आहे का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी 2018 चा आढावा बघावा: औषधांच्या 522 चाचण्या, 1,16,477 प्रौढ रुग्ण, 21 औषधं, आणि सगळी बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस. फरक सरासरीने माफक, जादूचा नाही. बीपी वाढलेल्याला लघवी वाढवणारी गोळी देतात ती शरीरात तशी गोळी कमी पडली म्हणून नव्हे.

‘मेंदू सुन्न होतो, जन्माची सवय लागते’

यात दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोप आणणाऱ्या, घबराट दाबणाऱ्या गोळ्या. त्यांची सवय लागते, म्हणून त्या थोडे दिवसच द्यायच्या असतात. मेडिकलमधून ‘मागच्याच द्या’ म्हणून वर्षभर नेल्या जातात त्या बहुधा याच. नैराश्यावरच्या औषधाने तल्लफ येत नाही. मात्र ते अचानक तोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटका बसल्यासारखं होऊ शकतं. पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सिन यांत जास्त, फ्लुओक्सेटीनमध्ये कमी. म्हणून आठवड्या-महिन्यांत थोडं थोडं उतरवायचं. पहिल्या खेपेला बरं वाटल्यानंतर सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. नैराश्य वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त.

काहींना ‘रडूही येत नाही, हसूही येत नाही’ असं होतं, ही तक्रार खरी आहे. लैंगिक इच्छा कमी होणं हेही खरं आहे, आणि लाजेपोटी ते न सांगता गोळी सोडणारे खूप आहेत. डोस कमी करून किंवा औषध बदलून दोन्हीवर मार्ग निघतो.

मजकुरात नाहीत ते धोके जास्त गंभीर आहेत. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना जीव देण्याचे विचार वाढू शकतात. तेव्हा रोज जवळच्या कुणीतरी सरळ विचारावं. विचारल्याने विचार सुचत नाही. उसाच्या, तंबाखूच्या शेतावरचं कीटकनाशक त्या काळात घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवावं, आणि गोळ्यांची पट्टी एका जबाबदार माणसाकडे. लघवीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत या औषधाने रक्तातलं सोडियम उतरून गोंधळलेपणा येऊ शकतो. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या या औषधासोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

आणि ‘विचार बदला’?

विचारांवर काम करणारी उपचारपद्धती आहे आणि ती गुणकारी आहे. पण ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे ती नव्हे. तिथे प्रसंग लिहितात, त्या क्षणी आलेला विचार लिहितात, त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा मांडतात, मग दुसरा कोणता अर्थ लागू शकतो ते तपासतात. औषध खालून, टिपण्याच्या पातळीवर काम करतं आणि ही पद्धत वरून, अपेक्षांच्या पातळीवर. मध्यम-तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून जास्त उपयोग होतो.

सीमाभागात एक अडचण वेगळीच आहे. बाजारात, कचेरीत कन्नड बोलणारा माणूससुद्धा ‘जीव नकोसा झालाय’ हे मराठीतच बोलतो. बारीक अर्थ तपासायचा तर तो आईच्या भाषेतच तपासावा लागतो. धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाताना दोन्ही भाषा येणारं, रुग्णाला चालेल असं माणूस सोबत न्यावं. टेली-मानस या सरकारी मोफत सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलायचं आहे असं सांगता येतं. डॉक्टरांकडे जाताना कागदावर एवढं लिहून न्यावं: झोप किती तास, जेवण कसं, काम कधीपासून सुटलं, जीव द्यायचा विचार येतो का, दारू किती, आधीच्या गोळ्यांची नावं, आणि घरात कुणाला कधी असं झालं होतं का.