पगार न विचारता कर्ज

लेकीचं कॉलेज ऑगस्टअखेर सुरू होतंय. फाफ्सा म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या, कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज; त्या फॉर्मात माझं पद 'काँट्रिब्यूटर', आणि तेही लेकीने ईमेलने आमंत्रण धाडल्यावर, जे स्पॅममध्ये पडलं होतं. गणपतीची वर्गणी मागायला निदान पोरं दारात तरी येतात! असो, ते झालं. राग आहे तो सासऱ्यांचा.

सासरे सांगलीच्या एका सहकारी बँकेत आयुष्यभर कर्ज विभागात होते, सध्या सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला मुक्कामी. मी पॅरेंट प्लस लोनचे, म्हणजे पोरांच्या कॉलेजसाठी सरकार आईबापाला देतं त्या कर्जाचे, कागद प्रिंट करून डायनिंग टेबलवर ठेवले आणि चहा टाकायला गेलो, तेवढ्यात चष्मा लावून बसले.

"तारण काय दिलंत जावईबापू?"

"काही नाही."

"जामीनदार?"

"क्रेडिट खराब असेल तरच लागतो."

"पगाराची स्लिप?"

"पगार विचारतच नाहीत."

"मग देतात कशावर?"

"माझ्यावर."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला डोक्यापासून स्लिपरपर्यंत असं बघितलं की मी नकळत पोट आत घेतलं.

"तुमच्यावर?"

मग विचारलं, नातीच्या नावावर का नाही? मी सांगितलं, तिला पहिल्या वर्षी सरकार 5,500 डॉलरच देतं, त्यातही व्याज सरकार भरणार ते जास्तीत जास्त 3,500 वर. बाकीचं बापाच्या डोक्यावर, 2025-26 च्या दराने, 8.94 टक्क्यांनी. आणि 20,000 मंजूर झाले तर 4.228 टक्के फी आधीच कापून घेतात, म्हणजे सुमारे 845 डॉलर, जे माझ्या हातात कधीच येत नाहीत पण व्याज मात्र त्यांच्यावरही चढतं. "आमच्याकडे याला चहापाणी म्हणायचे," सासरे म्हणाले, आणि खरं सांगू, तिथे मला हसू आलं नाही.

आता नवा कायदा झालाय, जुलै 2026 पासून आईबापाच्या कर्जाला वर्षाला 20,000 आणि एका पोरामागे एकूण 65,000 ची मर्यादा. थोरली आधी घुसल्यामुळे तिला काही वर्षं जुने नियम. धाकट्याचं काय करायचं, माहीत नाही. कॉलेजची फी काही कायदा वाचून कमी होत नाही ना. आत्तापर्यंत पगार न बघता लागेल तेवढं देत सुटले, लोक गळ्यापर्यंत बुडाले, तेव्हा कुठे जाग आली.

"आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

"माफ होतं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सासूबाई आतून ओरडल्या, "अहो, शुभ बोला!" पण सासरे पहिल्यांदाच खूश दिसले. मान डोलवत कागद नीट जुळवून ठेवले, वर पेपरवेट म्हणून माझाच चहाचा कप.

रात्री बेसमेंटमधून त्यांचा फोन ऐकू येत होता, सांगलीच्या मित्राला सांगत होते, "अरे इथे कुणालाही कर्ज देतात! आमच्या जावयालासुद्धा दिलं."